झाडीमंडळातील हेमाद्री

भंडारा जिल्ह्यात अड्याळ, कोरंभी किंवा भंडारा शहरातील पिंगलाई येथे जुन्या दगडी देवळांविषयी कोणाला विचारले, तर उत्तर बहुधा एकच मिळते. ही देवळे हेमाडपंती आहेत. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनीही या अवशेषांची नोंद हेमाडपंताच्या नावाखालीच केली आणि तेव्हापासून हे नाव अधिकृत होऊन बसले. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील नागरा येथील शिवमंदिराचीही ओळख हीच आहे. १९९९ मध्ये वेगळा होईपर्यंत तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता. खानदेशापासून मराठवाड्यापर्यंत आणि नाशिकपासून वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत, चुन्याशिवाय रचलेल्या प्रत्येक जुन्या दगडी देवळाच्या मागे मराठी माणसाने या एकाच पुरुषाला उभे केले आहे.

ज्याच्या नावाने महाराष्ट्राची एक बांधकामशैली ओळखली जाते तो हेमाद्री स्थपती नव्हता, पाथरवट नव्हता आणि राजाही नव्हता. तो देवगिरीच्या यादवांचा कारभारी होता. त्याच्या हाती लेखणी होती आणि काही काळ अंकुशही होता. भंडाऱ्याच्या प्रदेशाशी त्याचा जो संबंध ताम्रपटात नोंदला गेला आहे, तो मंदिरे बांधण्याचा नसून हा प्रदेश जिंकण्याचा आहे. विजेत्याचे नाव बांधणाऱ्याचे नाव म्हणून लोकांच्या जिभेवर कसे रुळले, हा त्याच्या चरित्रातील सर्वांत विलक्षण भाग आहे.

पंडितांच्या घराण्यातला कारभारी

हेमाद्रीचे गोत्र वत्स. त्याच्या ग्रंथांतील प्रास्ताविक श्लोकांवरून त्याची वंशावळ समजते. वामनाचा पुत्र वासुदेव, वासुदेवाचा कामदेव आणि कामदेवाचा पुत्र हेमाद्री. घरात विद्या होती आणि धर्मशास्त्राचा व्यासंग होता. परंतु तेराव्या शतकाच्या देवगिरीत विद्वानाला केवळ पाठशाळेत बसून राहण्याचे कारण नव्हते. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांपासून कोकणपट्टीपर्यंत पसरलेल्या राज्याला हिशेब ठेवणारी, सनदा लिहिणारी आणि दानपत्रे नोंदवणारी माणसे हवी होती. महादेव यादव १२६१ च्या सुमारास गादीवर आला, तेव्हा त्याच्या दरबारात हेमाद्री श्रीकरणाधिप या पदावर दिसतो. राज्याच्या सगळ्या दप्तराचा तो प्रमुख होता. आजच्या भाषेत सांगायचे तर राज्याचे सचिवालय त्याच्या हाताखाली होते.

महादेवाची कारकीर्द दहा वर्षांची. त्या काळात उत्तर कोकणातील शिलाहारांचे राज्य यादवांनी संपवले. शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रावर लढताना बुडाला, अशी हकिगत हेमाद्रीच्या ग्रंथातील राजप्रशस्तीतच येते. ही प्रशस्ती त्याच्या चतुर्वर्गचिंतामणी या महाग्रंथातील व्रतखंडाच्या आरंभी आहे. यादवांची पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ तीत क्रमाने गुंफलेली आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला, तेव्हा यादव घराण्याचा क्रम लावण्यासाठी त्यांना या प्रशस्तीचा मोठा आधार झाला. धर्मकृत्यांचा ग्रंथ लिहिताना आपल्या धन्याचा वंश नोंदवून ठेवण्याची कारभारी वृत्ती हेमाद्रीच्या अंगी होती. महाराष्ट्राच्या इतिहासलेखनावर त्या वृत्तीचे ऋण आहे.

सत्तांतर आणि एक टिकलेला माणूस

१२७१ मध्ये महादेवाच्या मागे त्याचा मुलगा आमण गादीवर बसला. परंतु महादेवाचा थोरला भाऊ कृष्ण याचा मुलगा रामचंद्र याने राज्यावर आपला हक्क सांगितला. नर्तक आणि गायकांच्या मेळ्याच्या वेशात रामचंद्राची माणसे देवगिरीच्या अभेद्य किल्ल्यात शिरली, दरबारात नाच-गाण्याचा रंग चढलेला असतानाच त्यांनी आमणाला पकडले आणि पुढे त्याचे डोळे काढण्यात आले, असे परंपरा सांगते. एका रात्रीत राज्य फिरले.

अशा प्रसंगी जुन्या राजाच्या विश्वासातील मंत्र्यांचे काय होते, हे इतिहासाच्या वाचकाला सांगायला नको. हेमाद्री महादेवाच्या अत्यंत निकटचा. त्याच्या ग्रंथांत महादेवाचे गुणगान आहे. तरीही नव्या राजाच्या दरबारात तो केवळ जिवंत राहिला नाही, तर आपल्या पदावर कायम राहिला आणि त्याचे अधिकार वाढले. ठाणे येथे सापडलेला १२७२ चा ताम्रपट रामचंद्राच्या कारकिर्दीच्या अगदी आरंभीचा. त्यात हेमाद्रीकडे राज्याच्या सर्व करणांचे आधिपत्य आहेच, शिवाय तो राज्याच्या हत्तीदलाचाही प्रमुख म्हणून येतो. याच ताम्रपटात त्याने झाडीमंडळ जिंकल्याचा उल्लेख आहे.

एका वर्षाच्या आत हा बदल घडलेला दिसतो. राजाला दप्तर चालवणारा माणूस लागतो आणि दप्तरातल्या नोंदींवाचून राज्य चालत नाही, हे त्याच्या टिकून राहण्याचे एक कारण असावे. दुसरे कारण ताम्रपटातच आहे. नव्या राजाशी निष्ठा सिद्ध करण्यासाठी रणांगणासारखे दुसरे ठिकाण नाही. पंडित हेमाद्री हत्ती घेऊन पूर्वेकडे निघाला, तो झाडीच्या दिशेने.

झाडी म्हणजे कोणता मुलूख

झाडी म्हणजे अरण्य. वैनगंगेच्या दोन्ही काठांचा, आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांचा घनदाट जंगलांचा प्रदेश झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो. येथील मराठी बोलीला झाडीबोली म्हणतात आणि येथल्या रंगभूमीला झाडीपट्टी रंगभूमी. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या ताम्रपटातील शब्द आजही लोकांच्या तोंडी जिवंत असण्याची उदाहरणे फार नाहीत. त्यांतले हे एक आहे.

देवगिरीहून पाहिले असता झाडी हा राज्याचा शेवट होता. त्यापलीकडे त्रिपुरी आणि रतनपूरच्या कलचुरींचे प्रदेश. रतनपूर येथील १११४ च्या शिलालेखात कलचुरी राजा जाजल्लदेव याला खंडणी देणाऱ्या मंडलांत वैरागर, लांजिका आणि भाणार यांची नावे येतात. भाणार म्हणजेच भंडारा असे अभ्यासक मानतात. पुढे १३१० च्या पुरुषोत्तमपुरी येथील ताम्रपटात रामचंद्र यादवाच्या पूर्वेकडील विजयांचे वर्णन आहे आणि त्यात वज्राकर आणि भांडागार येथील राजांचा पराभव झाल्याचे सांगितले आहे. वज्राकर म्हणजे वैरागड, हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले गाव. भांडागार म्हणजे भंडारा. येथील अधिपती कधी कलचुरींना, तर कधी यादवांना मान देत आणि संधी मिळताच स्वतंत्र होत. हिरे, इमारती लाकूड आणि उत्तरेकडे जाणारी वाट, एवढ्या तीन गोष्टी देवगिरीच्या दृष्टीने या अरण्यात उतरण्यास पुरेशा होत्या.

तथापि अरण्य म्हणजे रानटीपणा, ही समजूत झाडीच्या बाबतीत पूर्णपणे चुकीची ठरते. वैनगंगेच्या काठी असलेल्या पवनी येथे नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी १९६९-७० मध्ये उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या या उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष, कोरीव स्तंभ आणि ब्राह्मी लिपीतील दानलेख प्रकाशात आले. भगवान बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्प त्यांतलेच. हेमाद्रीचे हत्ती वैनगंगेकाठी आले, त्याच्या हजाराहून कितीतरी अधिक वर्षे आधी येथील माणसांनी दगड घडवून भव्य वास्तू उभ्या केल्या होत्या. पवनीहून नदीने थोडे वर गेले की आंभोरा लागते. मुकुंदराजांचा विवेकसिंधु हा ग्रंथ शके १११० म्हणजे ११८८ मध्ये येथेच सिद्ध झाला, असे विदर्भातील अनेक अभ्यासक मानतात. अंबाजोगाईचा पक्षही तितकाच आग्रही आहे. आंभोऱ्याचा पक्ष स्वीकारला, तर मराठीतील आद्य ग्रंथांपैकी एक हेमाद्रीच्या स्वारीच्या आधी ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे याच झाडीत लिहिला गेला होता. जिंकलेला मुलूख विजेत्याहून वडीलधारा होता.

लेखणीचे साम्राज्य

हेमाद्रीची खरी हुकमत ग्रंथांवर होती. चतुर्वर्गचिंतामणीची योजना त्याने व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष अशा पाच खंडांत केली. कोणत्या तिथीला कोणते व्रत करावे, कोणते दान कोणाला आणि कसे द्यावे, काळाचा निर्णय कसा करावा, या सर्वांचा पुराणे आणि स्मृतींतून वेचलेला हा प्रचंड संग्रह आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने तो छापण्यास १८७३ मध्ये आरंभ केला आणि ते काम विसाव्या शतकापर्यंत चालले. आज लुप्त झालेल्या कित्येक ग्रंथांतील वचने केवळ हेमाद्रीने उतरवून घेतली म्हणून टिकली आहेत.

वास्तुकलेशी त्याचा जो प्रत्यक्ष संबंध दाखवता येतो, तो याच ग्रंथात आहे. महादानांसाठी उभारायचे मंडप, कुंडे आणि वेदी यांची मोजमापे दानखंडात येतात. व्रतखंडात देवतांच्या मूर्तींची लक्षणे आहेत. कोणत्या देवाला किती हात, हातांत कोणती आयुधे आणि वाहन कोणते, याचे तपशील त्याने जुन्या ग्रंथांतून एकत्र केले. भारतीय मूर्तिशास्त्राचे आधुनिक अभ्यासक अजूनही त्याच्या व्रतखंडाचा आधार घेतात.

वैद्यकातही त्याची गती होती. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर त्याने आयुर्वेदरसायन नावाची टीका लिहिली. त्याच्या आश्रयास असलेला बोपदेव हा विदर्भाचा सुपुत्र. त्याचे वडील केशव वैद्य होते आणि ते वरदेच्या म्हणजे वर्धा नदीच्या काठी सार्थ नावाच्या गावी राहत. बोपदेवाच्या मुग्धबोध व्याकरणाचा अभ्यास पुढे बंगालमधील पाठशाळांत शतकानुशतके झाला. त्याच्या मुक्ताफल या भागवतावरील ग्रंथावर हेमाद्रीने कैवल्यदीपिका ही टीका केली. आश्रयदात्याने आश्रिताच्या ग्रंथावर टीका लिहावी, ही मोठ्या मनाची खूण होय.

मोडी लिपी त्यानेच प्रचारात आणली, अशी परंपरागत समजूत आहे. बाजरीचे पीक महाराष्ट्रात त्याने रुजवले, असेही सांगतात. या दोन्ही गोष्टी इतिहासाच्या कसोटीवर उतरणाऱ्या नाहीत. तथापि दप्तर, धान्य आणि देऊळ या तिन्हींचे श्रेय लोकांनी एकाच माणसाला दिले, यावरून त्याच्या कारभाराचा ठसा किती खोलवर उमटला होता, याची कल्पना येते.

सर्वांनीच त्याला डोक्यावर घेतले असे मात्र नाही. चक्रधरस्वामींच्या महानुभाव परंपरेत हेमाद्रीची प्रतिमा विरोधकाची आहे. कर्मकांडाच्या जंजाळातून सामान्य माणसाला, विशेषतः स्त्री-शूद्रांना, मोकळे करू पाहणारा पंथ आणि कर्मकांडाचा विश्वकोश रचणारा मंत्री यांचे जमणे शक्यच नव्हते. महानुभावांचे लीळाचरित्र १२७८ च्या सुमारास विदर्भातील रिद्धपूर येथे, लोकांच्या मराठीत लिहिले गेले. हेमाद्रीचे ग्रंथ संस्कृतात होते. एकाच दशकात, एकाच राज्यात विद्येचे हे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते. व्रतवैकल्यांच्या ओझ्याखाली यादवांचे राज्य निर्बळ झाले, असा ठपका पुढे काही इतिहासकारांनी हेमाद्रीवर ठेवला. एका ग्रंथाने राज्य बुडते हे मानणे कठीण आहे. परंतु त्या समाजाची बुद्धी कोठे खर्च होत होती, हे त्या ग्रंथाच्या आकारावरून दिसते, हेही नाकारता येत नाही.

दगडावर दगड

हेमाडपंती म्हटल्या जाणाऱ्या मंदिराची ओळख त्याच्या कोरड्या बांधणीत आहे. घडीव चिरे एकमेकांवर असे बसवायचे की त्यांच्यामध्ये चुना लागू नये. एका दगडाला खाच, दुसऱ्याला कुसू, आणि वरच्या दगडाचे वजन खालच्याला जागीच दाबून धरणारे. भिंती सरळ न ठेवता कोनाकोनांनी बाहेर काढायच्या, म्हणजे तलविन्यास ताऱ्यासारखा होतो, भिंतीला बळकटी येते आणि उन्हासावलीचा खेळही उभा राहतो. सभामंडपाचे छत कमानीवर तोललेले नसते. खांब, त्यांवर हस्त, हस्तांवर तुळया, आणि तुळयांवर क्रमाक्रमाने आत सरकत जाणारे दगडांचे थर. शेवटी मध्यभागी एका फुलाच्या आकाराचा दगड सगळ्याला मिटवून टाकतो.

ही विद्या केवळ महाराष्ट्राची नाही. पेरू देशातील कुस्को येथे इंका लोकांनी प्रचंड शिळा चुन्यावाचून इतक्या काटेकोर बसवल्या की मोठे भूकंप होऊनही त्या भिंती उभ्या आहेत. ग्रीकांनी अथेन्सच्या पार्थेनॉनचे संगमरवरी चिरे लोखंडी आकड्यांनी जोडून त्यांवर शिसे ओतले, मधे चुना घातला नाही. आफ्रिकेतील ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी भिंती कोरड्या रचनेच्याच आणि त्यांच्या भरभराटीचा काळ यादवांच्या काळाशी जुळतो. कंबोडियातील अंगकोरच्या मंदिरांतही आत सरकणाऱ्या थरांचीच छपरे दिसतात. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या माणसांनी दगडाला सारखाच प्रश्न विचारला आणि दगडाने त्यांना सारखेच उत्तर दिले.

हेमाद्री दप्तर सांभाळत होता, तेव्हा जगात बांधकामाचा मोठा उत्सव चालू होता. ओरिसात कोणार्कचे सूर्यमंदिर तेराव्या शतकाच्या मध्यावर उभे राहिले. लंडनमध्ये तिसऱ्या हेन्रीने नव्याने बांधायला घेतलेल्या वेस्टमिन्स्टर अॅबीचे १२६९ मध्ये पवित्रीकरण झाले. फ्रान्समध्ये टोकदार कमानींची उंच चर्चे आकाशाकडे झेपावत होती. दिल्लीत बल्बनाच्या कबरीच्या वास्तूत खऱ्या कमानीचे तंत्र वापरले गेले आणि ती भारतातील अशा आरंभीच्या कमानींपैकी एक मानली जाते. देवगिरीच्या पाथरवटांनी मात्र खांब आणि तुळईची जुनी वाट सोडली नाही.

नाव एकाचे, हात दुसऱ्यांचे

ही मंदिरे हेमाद्रीची नव्हेत, हे सांगण्यास कालगणनाच पुरेशी आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ म्हणजे १०६० चा आहे, हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचा. ज्या शिखरपद्धतीला शिल्पग्रंथ भूमिज म्हणतात, ती माळव्यातील परमारांच्या काळी बहरली. राजा भोजाच्या समरांगणसूत्रधारात तिचे वर्णन आहे आणि उदयपूर येथील उदयेश्वर मंदिर हा तिचा उत्कृष्ट नमुना. अंबरनाथ, सिन्नरचे गोंदेश्वर, झोडगे येथील माणकेश्वर ही मंदिरे त्याच घराण्यातली. हेन्री कझिन्स या पुरातत्त्वज्ञाने १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात या वास्तूंचा तपशीलवार अभ्यास मांडला. तेव्हापासून हेमाडपंती हे नाव शैलीचे नसून सोयीचे आहे, हे अभ्यासकांना मान्य आहे.

मंत्र्याने मंदिर बांधले तर त्याचा पुरावा कसा असतो, हे गुजरातेत पाहावे. वस्तुपाल आणि तेजपाल हे बंधू वाघेल्यांचे मंत्री. आबूच्या पहाडावरील लूणवसही हे संगमरवरी जैन मंदिर तेजपालाने १२३१ च्या सुमारास बांधले आणि तसा शिलालेखच तेथे आहे. एखादे विशिष्ट मंदिर हेमाद्रीने उभारले असे सांगणारा शिलालेख मात्र अभ्यासकांच्या हाती नाही. ज्या एका मोठ्या मंदिराशी त्याचे नाव समकालीन लेखाने जोडले आहे, ते पंढरपूरचे. तेथील प्रसिद्ध चौऱ्यांशीच्या शिलालेखात, शके ११९५ ते ११९९ या काळात विठ्ठलमंदिरासाठी देणग्या देणाऱ्यांची यादी कोरलेली आहे. तीत हेमाडि पंडिताचे नाव येते. राजा रामचंद्राचे नावही तेथे आहे आणि त्यांच्याबरोबर कित्येक सामान्य माणसांची नावे आहेत. कर्मकांडाचा हा महापंडित विठ्ठलाच्या दारी देणगीदारांच्या ओळीत उभा आहे. त्याचे हे चित्र सर्व दंतकथांहून अधिक हृद्य वाटते.

दंतकथाही कमी नाहीत. हेमाडपंत वैद्य होता, त्याने लंकेच्या बिभीषणाला बरे केले, मोबदल्यात राक्षस मागून आणले आणि त्या राक्षसांनी एकेका रात्रीत एकेक देऊळ रचले, अशी कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते. आयुर्वेदरसायनाचा कर्ता या कथेत वैद्य म्हणून शिल्लक राहिला आहे. राक्षस मात्र दुसरेच कोणी असले पाहिजेत. मणामणाचे दगड खाणीतून काढणारे, ते गाड्यांवर घालून अरण्यातून ओढणारे, छिन्नीने खाच आणि कुसू घडवणारे पाथरवट लोकांच्या आठवणीतून गेले आणि त्यांच्या जागी राक्षस आले. माणसाच्या हातून एवढे काम होणार नाही, असे पुढच्या पिढ्यांना वाटले, हाच त्या कारागिरांना मिळालेला एकमेव सन्मान.

असा घोटाळा आपल्याकडेच झाला असे नाही. युरोपातील टोकदार कमानींच्या चर्चांना गॉथिक म्हणतात. गॉथ टोळ्यांचा त्या वास्तूंशी काडीचाही संबंध नव्हता. नंतरच्या काळातील इटालियन विद्वानांनी हिणवण्यासाठी दिलेले ते नाव शैलीला चिकटले ते कायमचे. तेथे निंदेतून नाव आले, येथे आदरातून. दोन्हीकडे बांधणारे निनावीच राहिले.

अखेर

हेमाद्रीने सांभाळलेले राज्य त्याच्या पश्चात फार टिकले नाही. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा यादवांचे वैभव शिखरावर होते आणि तिच्या अखेरीस रामचंद्र राजाचा गौरवाने उल्लेख आला. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर येऊन थडकला. रामचंद्राला अमाप संपत्ती देऊन तह करावा लागला. १३११ च्या सुमारास तो वारला आणि पुढच्या सात-आठ वर्षांत यादवांचे राज्य संपले. ज्या दप्तरावर हेमाद्रीची हुकमत होती, ते दप्तर गेले. हत्ती गेले. झाडीमंडळ पुढे गोंड राजांकडे आणि त्यानंतर नागपूरच्या भोसल्यांकडे आले.

झाडीच्या लोकांनी बांधणे थांबवले नाही. गोंडांच्या काळात येथे कोहळी समाजाने मातीच्या बंधाऱ्यांनी तलाव अडवले. जमिनीचा उतार ओळखून पाणी कोठे थोपवावे आणि कोणत्या वाटेने धानाच्या बांध्यांत सोडावे, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढीजात होते. भंडारा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, तो या कष्टांमुळे. कोरडा दगड आणि ओली माती, या दोन्हींची विद्या या प्रदेशाने जोपासली. तिच्यातल्या बहुतेकांची नावे कोणत्याही पटावर नाहीत.

प्रश्न नावापुरताच असता, तर तो पंडितांवर सोपवता आला असता. परंतु प्रत्येक जुने देऊळ हेमाडपंती म्हटले की त्याचा स्वतःचा इतिहास शोधण्याची गरज कोणाला वाटत नाही. ते कलचुरींच्या मांडलिकाच्या काळचे आहे की यादवांच्या, त्याचा दगड कोणत्या खाणीतून आला, त्याच्या शिखरावर माळव्याचा संस्कार आहे की महाकोसलाचा, हे प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडले जातात. मग जीर्णोद्धाराच्या उत्साहात घडीव चिऱ्यांवर तैलरंग चढतो, सांध्यांत सिमेंट भरले जाते, गर्भगृहात चकचकीत फरशा बसतात आणि शेकडो वर्षे चुन्यावाचून उभी राहिलेली भिंत पहिल्यांदाच गुदमरते. श्रद्धा खरी असते, पैसाही गावाने वर्गणी काढून जमवलेला असतो. फक्त दगडाला विचारायचे राहून जाते.

आपल्याआधीच्या ग्रंथांतील वचन उतरवून घेताना हेमाद्री मूळ ग्रंथाचे नाव नोंदवत असे. कोणाचे श्रेय कोणाला, याबाबत तो दप्तरदाराला शोभेल इतका काटेकोर होता. अशा माणसाच्या खात्यावर लोकांनी शेकडो मंदिरे जमा केली, हा इतिहासाने त्याच्याशी केलेला विनोदच म्हणावा लागेल. अड्याळ आणि कोरंभीच्या दगडांपाशी उभे राहताना झाडीमंडळाच्या या विजेत्याची आठवण अवश्य व्हावी. मात्र त्याच्या मागे, खांबांच्या सावलीत, छिन्नी हाती घेऊन उभा असलेला झाडीचा पाथरवटही तेथे दिसावा. ते देऊळ त्याचे आहे.